रविवारीच का तुटतं

रविवार, ३ नोव्हेंबर

मेहुण्याशी आज बोलणं होऊ शकलं नाही. सकाळचा चहा झाल्यावर मी कॉम्प्युटर लावून दिला आणि सासूबाई चष्मा पुसून समोर बसल्या. ब्राउझर उघडला, पण पान काही येईना. कनेक्शन सुरक्षित नाही, अशी पाटी येत राहिली. बंद करून पुन्हा लावला तरी तेच.

"रुसलाय वाटतं," सासूबाई म्हणाल्या.

शेवटी मोबाइलवरून फोन लावला. पण सासूबाईंना फोनवर धड ऐकू येत नाही, आणि मोबाइलवरचा एवढासा चेहरा त्यांना दिसत नाही. मोठ्या पडद्यावर माणसाचे ओठ हलताना दिसले की त्यांना बोलणं समजतं. त्यामुळे मुलगा तिकडून ओरडत राहिला, तो काहीही विचारो, यांनी 'बरी आहे, बरी आहे' एवढंच सांगितलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"दाजी, ते मशीन एकदा नीट करून घ्या ना," मेहुणा म्हणाला. "आईशी मला समोरासमोर बोलायचंय. तिला इकडे आणायचं आता ठरवायलाच हवं. तुमच्यावर किती दिवस भार टाकायचा?"

मी म्हणालो, करून घेतो.

भार वगैरे काही नाही, हे म्हणायचं राहून गेलं. फोन ठेवल्यावर सुचलं.

लॅबला काचसामान पुरवणाऱ्याने दिलेली डायरी वर्षभर कोरी पडली होती. तिच्यात हे लिहितो आहे. लिहायची मला सवय नाही. बायको जाऊन दोन महिने होऊन गेले. हिच्या आजारपणात सासूबाई मदतीला आल्या, ही गेली आणि त्या राहिल्या. राहा असं मी म्हणालो नाही, जाते असं त्या म्हणाल्या नाहीत. सकाळी डबा तयार असतो. संध्याकाळी बेल वाजवली की आतून पावलं येतात. मूलबाळ आम्हाला नाही, तेव्हा त्या गेल्या तर ती पावलं येणार नाहीत, इतकं साधं आहे. पण आई मुलाची आहे. मुलाने बोलावलं तर तिने जावं हेच बरोबर. माझा त्यांच्यावर जो काही हक्क होता तो हिच्यामुळे होता.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

अर्धी रजा टाकून दुरुस्तीवाल्याला घरी आणलं. बोलका माणूस आहे. पाटी बघितली, कोपऱ्यातली तारीख बघितली आणि हसायला लागला.

"साहेब, तुमचं मशीन कुठल्या सालात आहे बघा."

मशीन सहा वर्षं मागे गेलं होतं. आत एक नाण्याएवढी गोल बॅटरी असते, ती संपली होती. ती संपली आणि भिंतीवरचं बटण बंद केलं की मशीन तारीख विसरतं. भिंतीवरचं बटण मी रोज न चुकता बंद करतो.

"वेबसाइट विचारते आज काय तारीख, हा सांगतो भलतीच. मग ती म्हणते, हा माणूस काही खरा नाही, आणि दार लावून घेते. तिचं काय चुकलं?"

"काहीच नाही," मी म्हणालो.

त्याने नवी बॅटरी बसवली आणि तारीख आजची केली. आकडे पुढे सरकताना मी बघत होतो. मशीनच्या लेखी ही इतके दिवस जिवंत होती. मी ते बोललो नाही. सासूबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्याही पडद्याकडेच बघत होत्या. मग त्यांनी दुरुस्तीवाल्याला साखर पुरे आहे का विचारलं.

चांगला माणूस. निघताना ब्राउझरही साफसूफ करून दिला, मी न सांगता.

रविवार, १० नोव्हेंबर

आज कनेक्शन पहिल्या झटक्यात लागलं. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. सासूबाईंनी मुलाला तो किती वाळलाय ते सांगितलं, सुनेला तिच्या केसांचं विचारलं, नातीचा नवीन दात पाहिला. त्यांचा चेहरा खुललेला पाहून मला दुरुस्तीवाल्याचे पुन्हा आभार मानावेसे वाटले.

मग मेहुणा म्हणाला, "आई, जरा दाजींना दे. कामाचं बोलायचंय."

सासूबाई उठल्या. गोळी घ्यायची राहिली म्हणाल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. मी खुर्चीत बसलो. मेहुणा म्हणाला, "दाजी, मी म्हणत होतो की पुढच्या महिन्यात आईला..." आणि त्याचं तोंड उघडं तसंच राहिलं. चित्र गोठलं. मग ब्राउझर म्हणाला, इंटरनेट नाही.

थोड्या वेळाने आपोआप आलं, पण तोवर मेहुणा कुठेतरी बाहेर निघून गेला होता.

"गेलं का?" सासूबाईंनी आतूनच विचारलं.

"गेलं."

"जाऊ द्या. पुढच्या रविवारी बोलेल. पळून का जातोय?"

सोमवार, ११ नोव्हेंबर

लॅबमधून जेवणाच्या सुट्टीत कनेक्शनच्या कंपनीला फोन केला. बराच वेळ वाद्यसंगीत ऐकलं. मग एक बाई बोलल्या, अतिशय सौम्य. त्यांनी तिकडून तपासलं, काहीच दोष नाही. आतल्या खोलीतला डबा, म्हणजे ज्यातून घरभर इंटरनेट पसरतं तो राउटर, एकदा बंद करून चालू करायला सांगितलं. तो डबा हिने कामासाठी आतल्या खोलीत लावून घेतला होता. ही तिथे बसून भाषांतरं करायची. आता तिथे सासूबाई झोपतात.

फोन ठेवताना बाई म्हणाल्या, "तुमचा दिवस चांगला जावो." त्या सगळ्यांनाच म्हणत असतील. तरी बरं वाटलं.

बुधवार, १३ नोव्हेंबर

आमच्या लॅबमध्ये पाण्याचे नमुने येतात. एखाद्या नळाला पाणी खराब येतं म्हणून तक्रार आली, की आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलून बघतो. नळ तोच, वेळ वेगळी. वेळ तीच, नळ शेजारचा. घाई केली की चुकीच्या पाइपवर आळ येतो. हीच रीत घरी लावायचं ठरवलं आहे.

वरिष्ठ बाईंना सांगितलं. लॅबमध्ये त्या माझ्यापेक्षा मोठ्या, आणि बोलायला फटकळ.

"आणि मशीन नीट झालं की काय होणार?" त्यांनी विचारलं.

"मेहुण्याचं बोलणं पुरं होईल. मग सासूबाई त्याच्याकडे जातील."

"म्हणजे तुम्ही एवढा जीव काढताय तो त्यांना घालवायला?"

घालवायला नाही, मी म्हणालो. आईला मुलाशी बोलता यावं म्हणून. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि आपल्या परीक्षानळ्यांकडे वळल्या.

शनिवार, १६ नोव्हेंबर

आज मुद्दाम उद्याच्याच वेळेला चाचणी घेतली. कॉम्प्युटर तोच, खुर्ची तीच, खिडकी उघडी तशीच. उद्या जेवढा वेळ बोलणार त्याच्या दुप्पट वेळ एक माहितीपट लावून ठेवला. एकदाही तुटलं नाही. सासूबाई मागे बसून बघत होत्या. समुद्रातल्या कासवांचा होता.

"हे सारखं बघत बसता ते कशासाठी?" त्यांनी विचारलं.

"उद्या तुटायला नको."

"एवढी धडपड करताय माझ्यासाठी," त्या म्हणाल्या, आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या. कासवं अंडी घालायला कुठे परत जातात ते त्यांनी बघितलंच नाही. दमल्या असाव्यात. अलीकडे लवकर दमतात.

रविवार, १७ नोव्हेंबर

तुटलं. अगदी तसंच.

आधी सगळं सुरळीत. नातीने कविता म्हणून दाखवली. मग मेहुणा म्हणाला, "दाजी, आहात ना? या जरा समोर." सासूबाई शाल आणायला आत गेल्या. मेहुण्याने खोली रिकामी केल्याचं सांगितलं, तिकिटांचं काढलं, आणि गेलं.

एक गोष्ट लिहून टाकतो. चित्र गोठलं तेव्हा मला बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. ज्याने आठवडाभर चाचण्या घेतल्या त्याला असं वाटायला नको होतं. म्हणून लगेच मी उठून सगळ्या वायरी दाबून बघितल्या.

सासूबाई शाल पांघरून बाहेर आल्या. आज फारसा गारवा नव्हता.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

कंपनीने माणूस पाठवला. त्याने जुना डबा काढून नवीन बसवला. मी विचारलं, हा बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरजवळच लावला तर? तो म्हणाला, लावू की, वायर ओढावी लागेल.

सासूबाई दारात उभ्या होत्या. "नको, आतच राहू दे," त्या म्हणाल्या. "अंधार झाला की त्याचे हिरवे दिवे लुकलुकतात. सोबत होते."

"आई, ते दिवे डोळ्यावर येतात असं तुम्हीच म्हणत होतात."

"तेव्हा म्हणत होते. आता सवय झाली. तुमच्याशी बोलण्यापेक्षा त्याच्याशी बोललेलं बरं, निदान डोळे तरी मिचकावतो."

तो माणूस खो खो हसला. मलाही हसू आलं. ही गेल्यापासून या घरात कोणी माझी थट्टा केली नव्हती. डबा आतच ठेवला.

संध्याकाळी जिना चढत होतो तर सासूबाई वरच्या मजल्यावरच्या वहिनींशी बोलत उभ्या होत्या. मी एक मजला खाली होतो, त्यांना दिसलो नाही. सासूबाई म्हणत होत्या, "जावई फार चांगले आहेत हो. तोंडाने कधी बोलायचे नाहीत. पण माणसाने आपलं आपण ओळखावं."

माझ्याबद्दल त्या लोकांना इतकं चांगलं सांगतात, हे मला माहीत नव्हतं. मी खालीच थोडा वेळ थांबलो आणि मग पावलं वाजवत वर गेलो.

रविवार, २४ नोव्हेंबर

नव्या डब्यावरही तुटलं. सासूबाई चष्म्याचं घर शोधायला गेल्या होत्या. त्यामुळे त्यांना मुलाचा निरोपही घेता आला नाही.

आता विचार केला तर एकच शक्यता उरते. मशीन नीट आहे, डबा नवा आहे, लाइन तपासली आहे, शनिवारच्या चाचणीत तुटत नाही. म्हणजे दोष मेहुण्याच्या बाजूला आहे. लॅबमध्ये असतो तर हाच अहवाल दिला असता. मेहुण्याला तसं मेसेजवर कळवलं, शक्य तितक्या सौम्य भाषेत.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

मेहुण्याला राग आला होता. त्याचं घर नवं आहे, कनेक्शन नवं आहे, ऑफिसचं सगळं काम तो त्याच्यावर करतो, असं त्याने कळवलं. तरी माझ्या शब्दासाठी त्याने आपल्याकडेही माणूस बोलावला, आणि त्या माणसाला काहीही सापडलं नाही.

तो वयाने लहान असून माझा मान ठेवतो. ऐकून घेतो. हिचा भाऊ शोभतो.

रविवार, १ डिसेंबर

तुटलं. या वेळी त्याने फक्त "दाजी, आईचं..." एवढंच म्हटलं होतं.

लगेच मोबाइल वाजला. मेहुणाच. "दाजी, बास झालं. हे असं होणार नाही. मीच येतो. शनिवारी पोचतो, सोमवारी आईला घेऊन निघतो. येतानाचं एक तिकीट आणि जातानाची दोन काढतोय."

मी म्हणालो, ये.

सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तो स्वतः येणार?" मी म्हणालो, हो. "मग तर प्रश्नच मिटला," त्या म्हणाल्या. जेवताना त्यांनी मला दोनदा वाढलं आणि स्वतः काही घेतलं नाही. मुलगा येणार म्हणून भूक हरपली असेल.

ठरलं ते बरं झालं. इतके दिवस मनात टांगलेलं होतं.

बुधवार, ४ डिसेंबर

सासूबाईंची बॅग सोमवारी माळ्यावरून काढली होती. त्या आल्या तेव्हा हिच्या आजारपणाच्या गडबडीत चेन तुटली होती, ती तशीच वर टाकली होती. प्रवासात बॅग उघडली तर पंचाईत, म्हणून लॅबला जाताना वाट वाकडी करून बॅगा शिवणाऱ्याकडे टाकली होती. आज नवी चेन बसवून घेऊन आलो. पितळी आहे, सहज सरकते. धूळ पुसून ती त्यांच्या खोलीच्या दाराशी ठेवली.

त्यांनी बॅगेकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"चेन बसवून आणलीत," त्या म्हणाल्या.

"हो. चांगली बसलीय."

"सगळं कसं वेळेवर करता तुम्ही," असं म्हणून त्यांनी बॅग आत ओढून घेतली आणि दार लावलं. त्या दार कधी लावत नाहीत.

मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल. बहुधा झालाही असेल. त्या घरातल्या माणसांसमोर दाखवत नाहीत, हीसुद्धा तशीच होती.

शुक्रवार, ६ डिसेंबर

वरिष्ठ बाईंनी विचारलं, मी आज गप्प का. मी रोजच गप्प असतो, असं म्हणालो. आज जास्त आहात, त्या म्हणाल्या. मग सांगितलं.

"त्यांना राहायचंय का, विचारलंत?"

"कसं विचारणार?"

"तोंडाने."

"त्यांना वाटेल मी भीड घालतोय. स्वयंपाकाला माणूस हवंय म्हणून धरून ठेवतोय."

"तसं आहे का?"

"नाही. स्वयंपाक मला येतो." खरं तर फारसा येत नाही, पण शिकता येईल.

"मग काय आहे?"

मी सांगायचा प्रयत्न केला. बेल वाजवली की पावलं येतात, एवढंच सांगता आलं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग माझ्या टेबलावरचे दुपारचे सगळे नमुने उचलून स्वतःच्या टेबलावर नेले आणि म्हणाल्या, "लवकर घरी जा."

मी लवकर घरी गेलो. पण तोंडाने विचारणं काही झालं नाही. सासूबाई कपड्यांच्या घड्या करत होत्या. माझ्या शर्टांचीही सैल झालेली बटणं त्यांनी लावून ठेवली होती, सगळ्या शर्टांची. निघायच्या आधीचं काम उरकत होत्या.

शनिवार, ७ डिसेंबर

मेहुणा आला. दारात वाकला, मग उभा राहून हिच्या फोटोकडे बघत राहिला. सासूबाईंनी त्याला हाताला धरून पाणी प्यायला नेलं. घर एकदम भरल्यासारखं झालं. तो मोठ्याने बोलतो, मोठ्याने जेवतो, पंखा आपल्याच हाताने वाढवतो. मला ते आवडलं.

निघायचं कोणीच काढलं नाही. बॅग आतल्या खोलीत आहे.

रविवार, ८ डिसेंबर

आज बरंच झालं. क्रमाने लिहितो.

सकाळी मेहुणा म्हणाला, "दाजी, आज मी बसतो. बघू या हे मशीन मला काय करतं." त्याने इथून आपल्या घरी लावलं. सासूबाई नातीशी बोलल्या, सुनेशी बोलल्या. सगळं छान चाललं होतं. मग मेहुण्याची बायको म्हणाली, "आई, तुमची खोली रंगवून ठेवलीय. उद्या गाडीत थंडी वाजेल, शाल हाताशी ठेवा."

"आले हं, गॅसवर काहीतरी ठेवलंय," सासूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. गॅसवर काहीच नव्हतं, गॅस मीच बंद केला होता. आणि स्वयंपाकघर डावीकडे आहे, त्या उजवीकडे गेल्या. वयामुळे होतं असं.

चित्र गोठलं. इंटरनेट नाही.

मी म्हणालो, "बघितलंस? हे असंच होतं."

मेहुणा पडद्याकडे बघतच नव्हता. तो आतल्या खोलीच्या दाराकडे बघत होता. मग उठला आणि चवड्यांवर चालत आत गेला. मी त्याच्या खुर्चीवर बसून ब्राउझर बंद करून पुन्हा उघडायला लागलो.

आतून त्याचा आवाज आला, "आई?" एवढाच. मग सासूबाई हलक्या आवाजात काहीतरी सांगत राहिल्या. रडल्यासारखं वाटलं, आणि मग दोघं हसल्यासारखं. मी उठलो नाही. माय-लेकरांचं बोलणं आहे. तेवढ्यात इकडे पान आलं. कनेक्शन परत आलं होतं.

मेहुणा बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

"झालं, दाजी. दुरुस्त झालं."

"काय होतं?"

"डब्याच्या प्लगचं बटण. सैल होतं."

इतक्या माणसांना सापडलं नाही ते त्याने पाच मिनिटांत शोधलं. मी म्हणालो, उद्याच बदलून घेतो.

"नको," तो म्हणाला. "दाजी, हात जोडतो. आता काही दुरुस्त करू नका."

दुपारी तो मला म्हणाला, चला, पाय मोकळे करून येऊ. आम्ही गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. तिथे दुकानाच्या पायरीवर तो बसला, मग मीही बसलो.

"आईची बॅग तुम्ही नीट करून आणलीत?"

"हो."

"का?"

"चेन तुटली होती."

"फक्त चेन तुटली होती म्हणून?"

"मग अजून कशाला?"

त्याने कपाळाला हात लावला. "ताई म्हणायची ते खोटं नव्हतं," तो म्हणाला. काय म्हणायची ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. मग माझ्याकडे वळून बसला. "दाजी, मी एक सरळ विचारतो, तुम्ही सरळ सांगा. आई गेलेली तुम्हाला हवीय की नकोय?"

समोरून एक सायकल गेली. ती वळेपर्यंत मी बघत राहिलो.

"नको," मी म्हणालो.

पुढे काही सुचलं नाही. पण तो जणू मी भाषण केलं असावं अशी मान हलवत राहिला. "मला वाटायचं तुम्ही भिडेपोटी ठेवून घेतलंय," तो म्हणाला. "म्हणून तर मी घाई करत होतो. बरं, आता हे जाऊन आईला सांगा."

"तू सांग ना."

"मी नाही सांगणार. माझ्याकडून ऐकून तिला पटायचं नाही. तुम्हीच सांगायचं."

तो पायरीवरच बसून राहिला. मी एकटा परत आलो.

सासूबाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून भाजी निवडत होत्या. मी दारात उभा राहिलो.

"काय हवंय?"

"काही नाही."

त्या निवडत राहिल्या. मी उभा राहिलो. शेवटी म्हणालो, "आई, तुम्ही जाऊ नका."

त्यांचा हात थांबला. "बॅग माळ्यावरून कोणी काढली?"

"मी."

"चेन?"

"मीच. पण ती तुटकी होती म्हणून."

"आणि एवढी माणसं आणलीत घरी, एवढे फोन केलेत, ते?"

"तुम्हाला मुलाशी बोलता यावं म्हणून."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. पदराने डोळे पुसले, नाक पुसलं. "एवढा शिकलेला माणूस," त्या म्हणाल्या. मग समोरची पाटी सरकवली. "बसा इथे. ही जुडी निवडा. कोवळी देठं ठेवा, टाकू नका."

मी बसलो. त्यांना राहायचं आहे की नाही हे त्यांनी सांगितलं नाही, पण उद्याचीही भाजी त्या आजच निवडून ठेवत होत्या. बऱ्याच वेळाने मेहुणा आला, आम्हाला दोघांना जमिनीवर बसलेलं बघितलं आणि परत बाहेर जाऊन बसला.

सोमवार, ९ डिसेंबर

मेहुणा निघाला. एक तिकीट त्याने रद्द केलं. बॅग मात्र गेली. सासूबाईंनी ती नातीसाठी केलेल्या स्वेटरांनी आणि खाऊने भरून त्याच्याबरोबर दिली. चेन छान लागते, असं त्याने मुद्दाम सांगितलं. उन्हाळ्यात सासूबाई महिनाभर त्याच्याकडे जाऊन येणार आहेत. मीही यायचं असं त्याने बजावलं आहे.

जाण्याआधी त्याने डब्याच्या बटणावर चिकटपट्टी लावली, कोणाचा चुकून हात लागू नये म्हणून. घरात आम्ही दोघंच, आणि मी त्या खोलीत फारसा जात नाही. तरी त्याने काळजी घेतली. संध्याकाळी बघितलं तर सासूबाईंनी पट्टी काढून टाकली होती. वाईट दिसते म्हणाल्या.

लॅबमध्ये बाईंना सांगितलं की सासूबाई राहणार. त्यांनी फक्त "बरं" म्हटलं आणि मग सबंध दिवस गुणगुणत होत्या.

बुधवार, ११ डिसेंबर

दुरुस्तीवाला रस्त्यात भेटला. कनेक्शन कसं आहे विचारलं. उत्तम, मी म्हणालो, डब्याच्या प्लगचं बटण सैल होतं. तो म्हणाला, आतल्या खोलीतलं बटण तर मी त्या दिवशी हलवून बघितलं होतं, घट्ट होतं. मी त्याला म्हणालो, नंतर झालं असेल. त्याचा हिरमोड व्हायला नको. त्याने त्या दिवशी मनापासून काम केलं होतं, आणि तारीख त्यानेच आजची करून दिली.

रविवार, १५ डिसेंबर

आज एकदाही तुटलं नाही. पट्टी नसताना.

सासूबाई इतका वेळ बोलल्या की मेहुण्याची बायको मध्ये उठून आंघोळ करून आली. मेहुणा म्हणाला, "आई, आता दाजींना दे." मी खुर्चीत बसलो. सासूबाई उठल्या, पण आत गेल्या नाहीत. माझ्या मागे उभ्या राहून मी काय बोलतो ते ऐकत होत्या, आणि मी काही बोलत नव्हतो.

"अहो, दोघं बसा की समोर," मेहुणा म्हणाला. "एकाआड एक काय येताय, फोटो काढायला आल्यासारखे?"

सासूबाईंनी स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं. "सरका जरा," त्या म्हणाल्या. मी सरकलो. पडद्याच्या कोपऱ्यात आपलं लहानसं चित्र येतं, त्यात आम्ही दोघं शेजारी दिसलो. सासूबाईंनी ते निरखून बघितलं. पदर सारखा केला, केसांवरून हात फिरवला.

"तुमची कॉलर," त्या मला म्हणाल्या.

मी कॉलर नीट केली.